जलरंगातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या चित्राचा काळ कसा ओळखावा?

चेहरा सोडा, आधी कोट बघा. गळ्याशी चंद्रकोरीच्या आकाराचं छोटं धातूचं पदक दिसतंय? मग चित्र बहुधा 1830 च्या आधीचं, कारण त्या वर्षी ते बंद झालं. त्याच सुमारास नियमित पायदळातल्या अधिकाऱ्यांच्या कोटावरची चंदेरी जर (धातूच्या तारांची नक्षी) जाऊन सगळीकडे सोनेरी आली. चंदेरी राहिली ती मिलिशियाकडे, म्हणजे स्थानिक राखीव फौजेकडे. खांद्यावरच्या जाड झालरी 1855 मध्ये गेल्या. म्हणजे लाल कोट, सोनेरी जर आणि झालरी असतील, पण गळ्यातलं पदक नसेल, तर साधारण 1830 ते 1855 धरायला हरकत नाही.

रेजिमेंटसाठी कॉलर आणि बाहीच्या कफाचा रंग बघा. निळा म्हणजे बहुतेक ‘रॉयल’ किताबाची रेजिमेंट. भिंग लावलं तर कधी बटणावरचा रेजिमेंटचा आकडाही वाचता येतो (चित्रकार आळशी नसेल तर!).

फ्रेम उघडता आली तर कागद उजेडासमोर धरा. ‘व्हॉटमन’ या इंग्रजी कागदाच्या जलचिन्हात (उजेडात दिसणाऱ्या पुसट खुणेत) अनेकदा साल असतं. चित्र त्याआधीचं असूच शकत नाही.

लाल रंग फिका, गुलाबीसर वाटला तर दचकू नका. जलरंगातला जुना किरमिजी उन्हाने उडतो. चित्र खिडकीसमोर मात्र टांगू नका.