माफीच्या प्रसंगाआधी काय लिहायचं

प्रिय,

तुझ्या पटकथेचा मसुदा वाचला. त्यात पोलीस दुष्ट आहे आणि साक्षीदार मुलगी खोटं बोलते. दोघांनाही बदल. निरपराध माणूस तुरुंगात जायला कुणी खोटं बोलावंच लागतं असं नाही. ज्याच्यावर तू लिहिते आहेस, त्या रॉनल्ड कॉटनचा खटला नीट अभ्यास.

साल 1984, नॉर्थ कॅरोलायनातलं बर्लिंग्टन. बलात्कार झालेल्या गोऱ्या विद्यार्थिनीने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम लक्षात ठेवला होता. पोलिसांनी तिच्यापुढे सहा फोटो ठेवले. खरा गुन्हेगार बॉबी पूल त्यात नव्हताच. अशा वेळी माणूस पुष्कळदा ‘यातला कुणीच नाही’ म्हणण्याऐवजी त्यातल्या त्यात जुळणारा चेहरा निवडतो. तिने कृष्णवर्णीय कॉटनचा निवडला. पुढे ओळख परेडला सात जण उभे केले. फोटोंमधला त्यांत एकटा कॉटन. 4 की 5 नंबर, यात ती अडखळली आणि 5 म्हणाली. मग तिला सांगितलं गेलं, फोटोतही हाच होता. तिचं ‘बहुतेक’ तिथे ‘नक्की’ झालं.

याला पूर्ण तीन पानं दे, म्हणजे पडद्यावर साधारण तीन मिनिटं. हे आटोपतं घेतलंस तर कोर्टातली तिची खात्री कुणालाच पटणार नाही.

वर्णद्वेष शिव्यांपुरता ठेवू नकोस. दुसऱ्या वंशाचे चेहरे ओळखताना माणसं जास्त चुकतात, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. ज्युरीला मात्र ती चूक दिसत नाही, साक्षीदाराचा ठाम आवाज तेवढा ऐकू येतो. 1987च्या फेरखटल्यात पूलला कोर्टात आणलं; तिने त्याला ओळखलं नाही, आणि पूलबद्दलचा पुरावा ज्युरीपुढे येऊच दिला नाही. कॉटनला जन्मठेप आणि वर 54 वर्षं.

आता माफी. डीएनए चाचणीने कॉटन 1995मध्ये सुटला, तो आणि ती विद्यार्थिनी भेटली ती दोन वर्षांनी, एका चर्चमध्ये. तू त्यांची गळाभेट तुरुंगाच्या दारातच घडवतेस. ती मधली दोन वर्षं खाऊ नकोस. शिवाय त्याचा राग कुठे आहे? पूल त्याच तुरुंगात आल्यावर कॉटनने त्याला मारायला पातं तयार केलं होतं. वडिलांनी समजावलं म्हणून ते टाकून दिलं. बापलेकांचा हा प्रसंग आधी लिहून काढ, त्यात वडिलांना भाषण देऊ नकोस, आणि मगच चर्चमधला प्रसंग हातात घे.