बद्द आवाज

मिरकरवाडा, रत्नागिरी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

पेढे पोचले. कंपोझिट (फायबर आणि रेझिनच्या थरांचं साहित्य) डिझाइनची नोकरी म्हणजे माझ्याच वाटेला आलीस. माझी उमर फायबरच्या बोटींत गेली, म्हणून लिहितो.

बोटीचा तळ मी लहान हातोडीनं टकटक करत तपासतो. फायबरचे थर एकमेकांना धड चिकटलेले असतील तिथं आवाज टणक येतो. सुटले असतील तिथं बद्द, तडकलेल्या मडक्यासारखा. वरून रंग चकचकीत, डोळ्याला काही दिसत नाही.

टायटन पाणबुडीनंही आवाज दिला होता. तिचं कवच कार्बन फायबरचं. जुलै 2022 मध्ये वर येताना मोठा धडाका झाला, त्यानंतर सेन्सरचे आकडेही बदलले. पाणबुडी सांगाड्यात हलली असेल, असं म्हणून तिच्या मालकीच्या ओशनगेट कंपनीनं विषय मिटवला आणि पुढच्या हिवाळ्यात ती उघड्यावर, थंडीत ठेवली. 18 जून 2023 ला टायटॅनिककडे जाताना ती फुटली. पाच माणसं गेली. तिथं 3800 मीटर खोलीवर दाब हवेच्या 380 पट असतो गं.

त्याच कंपनीतले सागरी कामकाजाचे प्रमुख डेव्हिड लॉकरिज यांनी 2018 मध्येच लेखी दिलं होतं, की कवच नीट तपासलेलं नाही, बाहेर बघायच्या खिडकीची हमी 1300 मीटर खोलीपुरतीच आहे. कंपनीनं त्यांनाच काढलं. त्याच वर्षी तीन डझनांहून जास्त जाणकारांनी पत्र लिहिलं. तरी कंपनीनं क्लास, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून तपासणी आणि प्रमाणपत्र, करून घेतला नाही तो नाहीच. अपघात टाळता आला असता, असं अमेरिकी तटरक्षक दलानं 2025 च्या अहवालात म्हटलंय.

माझंही ऐक. एका 31 जुलैला एका बोटीच्या तळाला तळहाताएवढ्या जागी बद्द आवाज आला. दुसऱ्या दिवशी पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठणार, मालकानं बर्फसुद्धा भरलेला. 'आल्यावर बघू' म्हणाला. मी तोंडानं सांगितलं, कागदावर लिहिलं नाही. आठव्या दिवशी बोटीत पाणी शिरलं. दुसऱ्या बोटीनं ओढून आणली, खलाशी वाचले. धक्क्यावर उतरल्या उतरल्या बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "काका, तुम्हाला ठाऊक होतं?" मला अजून त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

तू लिहीत जा. तारीख, जागा, काय ऐकलं ते, आणि एक प्रत स्वतःकडे ठेव. रुजू होताना विचार, तुमचं काम बाहेरचं कोण तपासतं? तपासणाऱ्याचा पगार विक्रीवाल्या साहेबाच्या हातात असेल, तर जास्तच जप.

मेअखेरीस बोटी वर ओढतील. रजा मिळाली तर ये. दोन्ही आवाज तुझ्या कानांनी ऐकून जा.

तुझा काका