कामगार विरोध करत नाहीत, जुनं रजिस्टर बंद करायला मालक घाबरतात

तुम्ही विचारलंय की कोविडनंतर सावरताना छोटे कारखाने आणि सरकारी कार्यालयं डिजिटल कारभार कसा स्वीकारतात, आणि कामगार-कारकून त्याला विरोध का करतात. पहिल्या भागाचं उत्तर देतेच, पण दुसरा भाग वाचून मला गप्प बसवेना. हे वाक्य मी आमच्या घरात जेवायला बसल्यावर वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

आमचं बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मशीन शॉप आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता माझे यजमान आणि मोठे दीर बघतात. फ्लँज, बुश, शाफ्ट, व्हॉल्व्हचे सुटे भाग, शिवाय ट्रान्सफॉर्मरवाल्यांची थोडीफार कामं. मी एम.एस. युनिव्हर्सिटीची बी.कॉम. स्टोअर आणि हिशेब माझ्याकडे असतात.

आमच्यासारख्यांनी डिजिटल कारभार हौसेनं घेतलेला नाही, मानगुटीवर बसला म्हणून घेतला. जुलै २०१७ ला जीएसटी आला, एप्रिल २०१८ ला माल वाहतुकीसाठीचं ऑनलाइन ई-वे बिल. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना लागू झालं आणि मग १००, ५०, २०, १० असं उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आलं. त्यात १ जानेवारी २०२२ पासून नियम पक्का झाला की पुरवठादारानं त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही तर ते तुमच्या टू-बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत येत नाही, आणि टू-बी मध्ये नाही म्हणजे क्रेडिट नाही, खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. हा एक नियम डिजिटल इंडियाच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त काम करून गेला. बिल वेळेवर न चढवणाऱ्याकडून माल घेणं लोकांनी बंदच केलं. म्हणजे वरच्यानं खालच्याला ओढलं. मंदीतून वर येताना हे जास्तच जाणवलं, कारण एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं उत्पन्न जवळजवळ पाव हिश्शानं घसरलं होतं आणि त्यानंतर आलेली एकही ऑर्डर सोडायची कुणाची तयारी नव्हती. गिऱ्हाईक म्हणेल तो फॉर्म, म्हणेल ते पोर्टल.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते.

२०२१ मध्ये दुसरी लाट ओसरली आणि दिवाळीच्या आधी ऑर्डरी परत यायला लागल्या. स्टीलचे भाव चढलेले होते. एका मोठ्या गिऱ्हाइकानं कळवलं की यापुढे प्रत्येक पार्टबरोबर मटेरियलचा हीट नंबर, म्हणजे ते स्टील भट्टीच्या कुठल्या खेपेतलं त्याचा नंबर, आणि टेस्ट सर्टिफिकेट पाहिजे. भाऊजींनी ताबडतोब ईआरपी घेतलं, म्हणजे स्टॉक, ऑर्डरी, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. डेमो त्यांच्या केबिनमध्ये झाला. पडद्यावर गोल आलेख, रंगीत पट्ट्या, कुठल्या मशीनवर काय चाललंय ते सगळं. त्या खोलीत मालक होते, विकणारे होते, सीए होते. आमचे स्टोअरवाले काका नव्हते. मी विचारलं, तर भाऊजी म्हणाले, "त्यांना यातलं काय कळणार?"

काकांना काय कळतं ते सांगते. आमच्या रॅकवर प्रत्येक ग्रेडच्या सळईच्या एका टोकाला रंग मारलेला असतो. ईएन-८ ला पिवळा, ईएन-२४ ला निळा, असे आमचे आमचे रंग. हीट नंबर त्याच टोकावर ठोकलेला असतो. सळई कापायची ती कायम बिनरंगाच्या टोकाकडून, म्हणजे शेवटचा वीतभर तुकडा उरला तरी तो कुठल्या हीटचा ते सांगता येतं. कुणी नव्या हेल्परनं उलट्या बाजूनं करवत लावली की काका लांबून ओरडतात. गिऱ्हाईक जे कागदावर मागत होतं ते हा माणूस तीस वर्षं रंगाच्या डबीनं सांभाळत होता!

सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक मालाला चौदा अक्षरांचा कोड. काका नेहमीसारखं रजिस्टरमध्ये लिहायचे आणि संध्याकाळी एक पोरगा ते बघून कॉम्प्युटरवर चढवायचा. झालं, दोन स्टॉक तयार! एक रजिस्टरमधला, एक पडद्यावरचा, आणि दोघांची गाठ कधी पडायची नाही. सगळ्यात वाईट हाल जॉबवर्कला गेलेल्या मालाचे. ग्राइंडिंगला, हीट ट्रीटमेंटला, प्लेटिंगला माल चलनावर, म्हणजे पाठवणीच्या चिठ्ठीवर, बाहेर जातो, आणि पोरगा त्याची एंट्री बहुतेक वेळा माल परत आल्यावर करायचा. तोवर पडद्यावर तो आमच्याच रॅकवर पडलेला.

एका शनिवारी तातडीची ऑर्डर आली. पडद्यावर ६५ एमएमच्या सळया दिसत होत्या, म्हणून भाऊजींनी गिऱ्हाइकाला हो म्हणून टाकलं. रॅकवर बघितलं तर जागा रिकामी. बाजारातून मिळेल त्या भावानं माल उचलला. आणि सोमवारी आमच्याच सळया दोन गल्ल्या पलीकडच्या जॉबवर्करकडून टेम्पोत बसून परत आल्या. त्या रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, "काकांना जमत नाही. आपली माणसं शिकतच नाहीत."

मी तेव्हा जे बोलले तेच इथे लिहिते. मार्च २०२० च्या शेवटी सरकारनं पीएफमधून कोविड ॲडव्हान्स काढायची सोय केली होती, तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. आमचा कारखाना तेव्हा बंद होता. ऑफिस बंद, सीए घरी, भाऊजी घरी. तरी आमच्या टर्नरांनी, हेल्परांनी आणि याच काकांनी मोबाईलवरून अर्ज केले. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, पासवर्ड, आधारचा ओटीपी, चेकचा फोटो, क्लेमचा फॉर्म. ज्याला आलं त्यानं दुसऱ्याला फोनवरून सांगितलं आणि पैसे खात्यात आले. पीएफचं पोर्टल काही सोपं नाही, मी स्वतः त्यावर कपाळ आपटलंय. ज्या माणसाला ते जमलं त्याला सळईची एंट्री जमत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. स्वतःचा पैसा दिसला की माणूस शिकतो. चौदा अक्षरांच्या कोडमागे काकांना काय दिसत होतं? फक्त वाढलेलं काम.

यजमानांनी मला मोकळीक दिली आणि मी स्टोअरच्या खिडकीत टेबल टाकलं. पहिलं काम म्हणजे मालाची नावं बदलली. 'पिवळा ६५', 'निळा ४०'. सॉफ्टवेअरवाले म्हणाले असं करता येत नाही. येत होतं. वर्णनाचा रकाना मोकळाच होता, कोड मागे राहू दिला आणि यादी रंगावर लावली. दुसरं, एंट्री संध्याकाळी करायची नाही, सळई खिडकीतून बाहेर पडायच्या आधी करायची. तिसरं, जॉबवर्कचं चलन सिस्टीममधूनच निघणार, हाताचं चलन बुकच उचलून ठेवलं. टेम्पोवाला दारात उभा असला की एंट्री आपोआप वेळेवर होते.

काकांनी थोड्या दिवसांत जे विचारलं ते त्या डेमोच्या खोलीत कुणालाच सुचलं नव्हतं. "बेन, करवतीच्या पात्याची जाडी यात कुठे धरलीय?" आम्ही सळई किलोवर विकत घेतो आणि मिलिमीटरवर कापून देतो. प्रत्येक कापाला पात्याच्या जाडीइतकं लोखंड भुसा होऊन खाली पडतं. एका सळईचे वीस तुकडे केले तर बोटाएवढा माल हिशेबातून नाहीसा, आणि महिनाअखेरीला वजन जुळत नाही म्हणून संशय काकांवर! त्यांनी तो संशय इतकी वर्षं मुकाट्यानं सोसला होता. प्रत्येक कापामागे पात्याची जाडी धरायला लावली आणि स्टॉक जुळायला लागला. आजही हे सांगताना माझा ऊर भरून येतो.

खरं भांडण झालं ते रजिस्टरवरून. मी म्हटलं, १ एप्रिलपासून हाताचं रजिस्टर बंद, कपाटात कुलपात. भाऊजी म्हणाले दोन्ही चालू ठेवू, लाइट गेली तर, कॉम्प्युटर बिघडला तर. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण जोवर जुनं रजिस्टर उघडं आहे तोवर माणसाचा विश्वास त्याच्यावरच राहतो, नव्यात तो नुसते आकडे भरून देतो. शेवटी सासरे बोलले. "दोन चोपड्या ठेवणारा दोन्हींत खोटं लिहितो." रजिस्टर बंद झालं.

सरकारी कार्यालयांचं दुखणं हेच आहे, फक्त प्रमाण मोठं. आम्ही एका परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरला, फी ऑनलाइन भरली, पावती आली. मग कार्यालयातून निरोप आला, त्याच अर्जाच्या प्रिंट तीन प्रतींत आणून द्या. मी चिडून गेले, पण टेबलामागचा कारकून बघून राग निवळला. त्याच्या एका हाताला संगणक आणि दुसऱ्या हाताला आवक-जावकाचं रजिस्टर. ऑडिटवाले येतात ते रजिस्टर तपासायला. नोकरी रजिस्टरवर आणि कौतुक पोर्टलचं, तर तो काय सांभाळेल? कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदीला २००० सालापासून मान्यता आहे, डिजिलॉकरमधून दिलेला दाखला २०१७ पासून मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. तरी वरच्या साहेबानं "उद्यापासून हे रजिस्टर बंद" असा लेखी हुकूम काढल्याशिवाय खालचा माणूस ते बंद करणार कसा? आणि तो हुकूम निघत नाही, कारण सही करणाऱ्याला भीती वाटते.

जिथे निघाला तिथे काम झालं. कर्नाटकात 'भूमी' योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर गेले तेव्हा तालुक्याचं संगणक केंद्र सुरू झालं की त्या तालुक्यात हातानं लिहिलेला उतारा अमान्य केला. तलाठ्याकडे जायची वाटच बंद केली, म्हणून खिडकीवर रांगा लागल्या आणि पद्धत टिकली. आणि आमच्या बडोद्याच्या माणसाला तर हे शिकायला लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण आणलं ते आधी १८९३ ला अमरेली भागात करून बघितलं आणि मग १९०६ ला सगळ्या संस्थानात लागू केलं. आधी लहान जागी सगळ्या अडचणी बाहेर काढल्या आणि मग लागू केलं ते सगळ्यांना. आज उलटं चालतं. उद्‌घाटन सगळ्या राज्याचं एका दिवशी आणि अंमल कुठेच पूर्ण नाही.

तुमच्या कारखान्यात काय करावं? एका जागेपासून सुरुवात करा, आणि ती जागा मालकाच्या केबिनमध्ये नको. जॉबवर्कला जाणारा माल ही उत्तम जागा, कारण तो वर्षाच्या आत परत आला नाही तर विक्री धरून कर लागतो, म्हणजे तिथल्या ढिलाईची किंमत लगेच कळते. दुसरी जागा येणं बाकीची. सावरत्या बाजारात ऑर्डर आधी येते आणि पैसा फार उशिरा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत हा कायदा २००६ चा आहे, पण २०२३-२४ या वर्षापासून उशीर करणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. त्याचा उपयोग करायचा तर तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आणि कुठलं बिल किती दिवस अडकलंय याची यादी रोजच्या रोज तयार पाहिजे. त्यासाठी फार मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. आणि कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका. २०२० मध्ये सरकारी हमीवर बँकांनी जुन्या कर्जाच्या २० टक्के वाढीव कर्ज दिलं, त्यातून आमचे पगार निघाले. तसला पैसा सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये घालणाऱ्यांचे नंतर हप्त्यांपायी हाल झालेले मी मकरपुऱ्यातच बघितलेत. महिन्याच्या भाड्यानं घ्या, आणि सोडून जाताना सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल असं लेखी घ्या.

हे सगळं आमच्यासारख्या लहान शॉपला लागू. शेकडो माणसांच्या प्लँटला, औषध कंपन्यांना, जिथे ऑडिटला कागद ठेवावाच लागतो तिथे, जुनं रजिस्टर एका दिवसात बंद करता येणार नाही हे मला कळतं. रोजचा बॅकअप आणि यूपीएस याशिवाय तर आमचंही धाडस झालं नसतं, भाऊजींचा तेवढा मुद्दा बरोबर होता. आणि एखादा खरंच आडमुठा कामगार असतोच, नाही असं नाही.

पण 'आपली माणसं शिकत नाहीत' हे मला अजून मान्य नाही, आणि भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही सांगते: काका आता नव्या पोरांना एंट्री शिकवतात आणि तुम्ही अजून स्टॉक त्यांना फोन करून विचारता. प्रश्न विचारणाऱ्यांना माझा एकच आग्रह. सॉफ्टवेअरवाल्याला पहिला हप्ता देण्याआधी मालकाला एक दिवस स्टोअरच्या खिडकीत बसवा आणि त्या दिवसाच्या सगळ्या एंट्र्या त्यांच्या हातानं करून घ्या. ते बसले नाहीत तर खरेदी पुढच्या वर्षावर ढकला.