मेकॅनिकलवाल्यांचं तिथे काय काम?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चालकविरहित वाहनं आणि ड्रोन या विषयात एम.एस. करून पुढे संशोधन करायचं आहे. कोडिंग जेमतेम येतं. मित्र म्हणतात, आता सगळं डीप लर्निंगच (ढीगभर डेटावरून स्वतः शिकणारं एआय) आहे, मेकॅनिकलवाल्यांचं तिथे काय काम?

उत्तर : काम भरपूर आहे. वळणावर टायर घसरतो, ब्रेक दाबला तरी वेग लगेच उतरत नाही, हे तुम्ही शिकलेलंच आहे. नुसतं कोडिंग करणाऱ्यांना ते मुद्दाम शिकावं लागतं. कोडिंगची काळजी मात्र रास्त. पायथन आणि सी प्लस प्लस हाताखालून जाऊ द्या, आरओएसवर (रोबो चालवायच्या सॉफ्टवेअरवर) सिम्युलेशनमध्ये रोबो चालवून बघा. त्याला पर्याय नाही.

कॅमेऱ्यातलं चित्र ओळखायला डीप लर्निंग लागतंच. पण माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी एक गणित घालतो. जीपीएस गेलंय आणि अ‍ॅक्सेलरोमीटरच्या (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरच्या) मापात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच कायमची चूक आहे. मिनिटभराने यंत्र स्वतःची जागा कितीने चुकीची सांगेल? १८ मीटर! चूक वेळेच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दोन मिनिटांनी ७२. ती थोपवायला लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), कॅमेरा, चाकांवरचे एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे) यांची साक्ष काढायची आणि कुणावर किती विश्वास टाकायचा ते ठरवायचं. रुडॉल्फ काल्मन या अभियंत्यांनी १९६० मध्ये मांडलेला फिल्टर, म्हणजे एक गणिती पद्धत, हेच करतो. अपोलो मोहिमांतही तो वापरला गेला. तेव्हा प्रोबॅबिलिटी आणि लिनियर अल्जेब्रा आधी पक्कं करा. (पदवीच्या नावात ‘एआय’ असलं-नसलं तरी काही बिघडत नाही.)

संशोधन करायचंय ना, मग थिसिसवालाच अभ्यासक्रम घ्या. लॅब निवडताना यंत्रं खरोखर बाहेर धावतात का, फसलेल्या चाचण्यांचा डेटा जपून ठेवतात का, हे विचारा. गाइडना नव्हे, तिथल्या पीएचडीच्या मुलांना. फसलेल्या चाचण्या का महत्त्वाच्या ते बघा: डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या २००४ च्या चालकविरहित गाड्यांच्या स्पर्धेत वाळवंटातला मार्ग एकाही गाडीला पुरा करता आला नाही, सगळ्यांत पुढची साडेसात मैलांच्या आतच अडकली. २००५ मध्ये पाच गाड्या शेवटापर्यंत पोहोचल्या.

आणि अर्जात ‘मला रोबोटिक्सची लहानपणापासून आवड आहे’ असं लिहू नका. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणता सेन्सर कधी चुकला आणि ते तुम्ही कसं शोधून काढलं, यावर एक परिच्छेद लिहा.