डोंगर जाळला की गवत चांगलं येतं का?

प्रश्न : गावामागचा बालाघाटचा डोंगर दर उन्हाळ्यात पेटतो, बऱ्याचदा पेटवलाच जातो. जाळल्यावर गवत जोमानं येतं, असं जुनी माणसं सांगतात. परदेशातही जंगलं मुद्दाम जाळतात म्हणे. मग अडवायचं कशाला?
– एक वाचक, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : जोमानं येतं, पण काय येतं ते बघा. कुसळी नावाच्या गवताचं बी पिळदार शेपटीच्या जोरावर मातीत रुतून बसतं, त्यामुळे वरून जाळ गेला तरी वाचतं. सतत जाळलेल्या, चरलेल्या माळावर पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं मागे पडतात, कुसळी माजते. ती कोवळी असेपर्यंतच जनावरं खातात. पुढं कुसळं तोंडात रुततात. राखेचं खतही फसवंच. नत्र हवेत उडून जातं. पालाश राहतो, पण उघड्या मुरमाड उतारावरून तोही वळवाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागतो.

परदेशातली गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या लॉजपोल पाइन झाडाचे बी असलेले बरेच शंकू आगीच्या धगीनंच उघडतात. आपल्या सागाला तशी गरज नाही. तो आग सोसतो, इतकंच. त्याचं रोप दरसाल वरून जळतं, मुळातून फुटतं आणि वर्षं गेली तरी गुडघ्याच्या वर जात नाही.

तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कुसळं गळायच्या आत गवत कापून घ्या. वैरण हाती येते आणि जळायला फारसं उरत नाही.

प्रश्न : आमचं शेत सागाच्या जंगलाला लागून आहे. जाळरेषा (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) कशी काढावी?
– एक वाचक, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : सपाटीला किमान 10 फूट रुंद, उताराला दुप्पट, कारण चढावर आग झपाट्यानं वर धावते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या हद्दीतलं गवत कापून उचलून न्या. रेषेच्या कडेला ढीग घातला तर तिथंच ज्वाळा उंच होऊन पलीकडे झेपावतात. उरलेले खुंट जाळायचे तर वनरक्षकाला आधी कळवा आणि दव सुकल्यावर, वारा पडलेला असताना काडी लावा. वारा जिकडं वाहतो त्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे जाळ वाऱ्याविरुद्ध हळू सरकतो. एका वेळी वीस-पंचवीस पावलंच. ती विझल्यावर पुढची. पाच-सहा माणसं, पळसाच्या ओल्या फांद्या आणि भरलेला फवारणी पंप जवळ हवाच. जाळाच्या वरच्या अंगाला कुणी थांबू नये. शेण आणि वाळके बुंधे आतून धुमसत राहतात. त्यांवर पाणी ओता, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फिरून बघा.

इतकं करूनही रेषा फसते ती पानगळीनं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची मोठाली पानं रेषेवर पडतात आणि आग त्यांवरून चालत शेतात येते. दर आठवड्याला झाडून काढा.

वनहद्दीत मात्र स्वतः काडी ओढू नका. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. आग दिसली तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पालाही पेटवू नका. तो झाडून जुनी लुगडी अंथरली, तर फुलं स्वच्छ मिळतात.