व्यवस्थापनाच्या जोडीला युरोपीय भाषा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

निकालाच्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची असून त्यांचा विषय जवळपास एकच आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेतून बारावी झाले आहे. मला व्यवस्थापनाची पदवी घ्यायची आहे आणि तिच्यासोबत जर्मन किंवा फ्रेंच शिकायची आहे. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये एकाच पदवीत हे दोन्ही शिकते. आपल्याकडे तशी सोय आहे का? बाबांच्या मते यातून ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ एवढेच होईल. (विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

आपल्या मामेबहिणीसारखी पदवी ब्रिटनमध्ये अनेक विद्यापीठे देतात. बाथ विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आणि आधुनिक भाषा हा अभ्यासक्रम त्यांपैकी एक. असे अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचे असतात आणि त्यांतील एक वर्ष विद्यार्थी त्या भाषेच्या देशात शिकतो किंवा नोकरी करतो. पदवीचे खरे मोल त्या वर्षात असते, हे आधी लक्षात घ्यावे. कारण आपल्याला इथे जी जुळवाजुळव करायची आहे, तीत नेमका तोच भाग आपोआप मिळत नाही.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अशी एकजीव पदवी शोधण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडे ती स्वतः बांधावी लागते. महाविद्यालयात प्रवेश घेताना आधी एक गोष्ट तपासा. व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्याने बीएमएस आणि बीबीए यांना राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी जवळपास तोच अभ्यासक्रम ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ या नावाने चालवायला घेतला. त्यामुळे माहितीपुस्तिकेत बीएमएस दिसले नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय आणि खुले वैकल्पिक विषय घेता येतात. महाविद्यालयात परदेशी भाषा शिकवली जात असेल तर ती तिथे जरूर घ्यावी. पण आठवड्याच्या दोन-तीन तासांत भाषेची तोंडओळख होते, त्यापलीकडे फारसे काही होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली असून वर्गांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, एवढी मुख्य अट आहे. कागदावर ही सोय मोठी आकर्षक वाटते. प्रत्यक्षात ठाण्यात सकाळचे महाविद्यालय करून दुपारी कलिन्याला विद्यापीठाच्या फ्रेंच किंवा जर्मन विभागात पोहोचायचे, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्याच्या गर्दीतून रोज वाट काढायची. पहिल्या सत्रात उत्साह असतो. परीक्षा जवळ आल्या की दोहोंपैकी एक वर्ग बुडू लागतो आणि तो बहुतेक वेळा भाषेचाच असतो. म्हणून माझा कौल तिसऱ्या मार्गाला आहे. पदवी घराजवळच्या महाविद्यालयातून घ्यावी आणि भाषा त्या देशाच्या अधिकृत संस्थेत शिकावी. जर्मनसाठी काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवन म्हणजे गोएथे संस्था, आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज. दोन्हींचे ऑनलाइन वर्गही असतात, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा सीएसएमटी गाठण्याची सक्ती उरलेली नाही.

आता बाबांच्या म्हणीविषयी. त्यांची शंका रास्त आहे, पण ती भाषा घेण्याविषयी नसून भाषा अर्धवट सोडण्याविषयी असायला हवी. युरोपीय भाषांच्या पायऱ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीप्रमाणे ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा आहेत. ए-२ पर्यंत पोहोचलेला माणूस हॉटेलात खोली मागू शकतो. कार्यालयीन बैठकीत बसून मुद्दा खोडून काढणे, तक्रारीच्या पत्राला उत्तर देणे ही कामे बी-२ पासून सुरू होतात. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या असंख्य विद्यार्थ्यांच्या बायोडेटावर ‘जर्मन, ए-१’ असे लिहिलेले असते. मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत छंदाच्या रकान्याइतकीच असते, आणि तरीही शिकवण्या चालवणारे पालकांना हे सांगत नाहीत.

बी-२ साठी किती वेळ लागतो, तेही पाहा. गोएथे संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला आठ तासिका आणि वर्षाचे ४० आठवडे धरले तर वर्षाला ३२० तासिका होतात. म्हणजे बारावीनंतरच्या सुट्टीतच सुरुवात केली आणि खंड पडू दिला नाही, तर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बी-२ ची परीक्षा देता येते. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात सुरुवात करणाऱ्याला ती पदवीसोबत साधत नाही. हे गणित बाबांना अवश्य दाखवावे.

जर्मन की फ्रेंच, याचे उत्तर आपल्याला कोणते काम करायचे आहे त्यावर आहे. यंत्रसामग्री, रसायने, वाहनांचे सुटे भाग, पुरवठा साखळी या बाजूला ओढ असेल तर जर्मन घ्यावी. कळव्याच्या सीमेन्स कारखान्यापासून नवी मुंबईतील बीएएसएफच्या संशोधन केंद्रापर्यंत जर्मन उद्योगांचे अस्तित्व आपल्या परिसरात डोळ्यांसमोर आहे. चैनीच्या वस्तू, सौंदर्यप्रसाधने, आदरातिथ्य किंवा आफ्रिकेतील फ्रेंचभाषक देशांशी चालणारा व्यापार, यांसाठी फ्रेंच. जर्मन अवघड असल्याचा बागुलबुवा फार उभा केला जातो. इंग्रजीच्या मानाने ती अवघड आहे. पण तीन लिंगे आणि विभक्ती मराठी माणसाला नवीन नाहीत. शिवाय ‘तो दिवस, ती रात्र, ते वर्ष’ या तिन्ही शब्दांची लिंगे जर्मनमध्येही तीच आहेत. सगळेच शब्द असे सरळ निघत नाहीत. पण नामाला लिंग असते आणि ते पाठच करावे लागते, हा धक्का तरी आपल्याला बसत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला फ्रेंचमध्ये ९४ गुण मिळाले. आता तो बीबीएला प्रवेश घेत आहे आणि स्पॅनिश अधिक देशांत चालते म्हणून फ्रेंच सोडायचे म्हणतो. काय करावे? (एक माता, वाशी)

दहावीचे गुण आधी बाजूला ठेवावेत. आपल्याकडे फ्रेंच हा ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून घेतला जातो. त्यात पाठ केलेले निबंध आणि क्रियापदांची कोष्टके यांवर उत्तम गुण मिळतात, बोलणे मात्र येतेच असे नाही. मुलाला डेल्फ या फ्रेंच शासनाच्या प्रमाणपत्राच्या ए-२ पातळीची नमुना परीक्षा घरी सोडवायला द्यावी. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० गुण लागतात आणि कोणत्याही भागात पाचपेक्षा कमी गुण चालत नाहीत. ऐकण्याच्या भागात तो निभावला, तर पाया पक्का आहे असे समजून फ्रेंचच पुढे न्यावी.

स्पॅनिश सुमारे २० देशांची राजभाषा आहे, हे खरे. पण देशांची संख्या मोजून भाषा निवडणे म्हणजे स्थानकांची संख्या मोजून लोकल पकडण्यासारखे आहे. मेक्सिको, कोलंबिया किंवा स्पेनशी औषधे, रसायने वा वाहन उद्योगाच्या कामानिमित्त संबंध येईल, अशी दिशा त्याच्या मनात ठरलेली असेल तर बदल करण्यास हरकत नाही. केवळ फ्रेंचचा कंटाळा आला म्हणून बदल करत असेल, तर बी-१ च्या आसपास स्पॅनिशचाही कंटाळा येईल. त्या टप्प्यावर प्रत्येक भाषेचा येतो.

प्रश्न : वय २७. बी.कॉम. झालो असून ऐरोलीतील एका कंपनीत युरोपीय ग्राहकांच्या हिशेबाचे काम चार वर्षे करतो. जर्मन ए-२ झाले आहे. जर्मनीत शिक्षण मोफत असल्याने तिथे एमबीए करावे असे वाटते. तिथले अभ्यासक्रम इंग्रजीतही असतात, मग पुढे जर्मन शिकण्याची गरज आहे का? (एक वाचक, घणसोली)

आपल्या पत्रातील ‘मोफत’ हा शब्द एमबीएला लागू पडत नाही. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत नियमित पदव्युत्तर शिक्षणाला बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. एमबीए हे नोकरीचा अनुभव असणाऱ्यांसाठीचे पुढील शिक्षण मानले जात असल्याने त्याला सरकारी विद्यापीठातही शुल्क पडते आणि ते बऱ्यापैकी मोठे असते. शुल्कमाफी हवी असेल तर व्यवस्थापनातील एम.एस्सी. पाहावी लागेल. तिथे दुसरी अडचण येते. ही विद्यापीठे पदवीत अर्थशास्त्र, सांख्यिकी, लेखाशास्त्र यांचे किती श्रेयांक झाले आहेत ते काटेकोर मोजतात, आणि आपली तीन वर्षांची बी.कॉम. काही विद्यापीठे ग्राह्य धरतात तर काही अपुरी मानतात. अर्ज करण्यापूर्वी तीन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाच्या तासांसह, महाविद्यालयाकडून शिक्क्यानिशी घेऊन ठेवावा. हा कागद मिळवायला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात.

कागदपत्रांची पडताळणी करणारे एपीएस प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले आहे. राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात; सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा वेळोवेळी वाढत आला आहे, तेव्हा व्हिसाच्या वेळी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा.

भाषेच्या गरजेविषयी माझे मत स्पष्ट आहे. इंग्रजी अभ्यासक्रमाला प्रवेश जर्मनशिवाय मिळेल, पण आपण तिथे केवळ वर्गात बसायला जात नाही. विद्यार्थ्याला वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. हिशेबाच्या क्षेत्रात ही दोन्ही दारे उघडायची तर करकायदा, पावत्या आणि खातेदारांची पत्रे जर्मनमध्येच असतात. संगणक अभियंत्याचे इंग्रजीवर निभावते, हिशेबनिसाचे निभावणे कठीण. आपल्या जागी मी एक वर्ष थांबून बी-१ पूर्ण करीन आणि बी-२ च्या वाटेवर असताना जाईन. गोएथेच्या बी-१ आणि बी-२ परीक्षा चार स्वतंत्र भागांत देता येतात, नोकरदाराला ते सोयीचे पडते.

एक पर्याय भारतातलाही आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सीईएमएस या व्यवस्थापन शाळांच्या संघाचा आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आयआयएम कलकत्तामार्फत करता येतो. एक सत्र परदेशी सदस्य संस्थेत घालवणे आणि इंग्रजीशिवाय आणखी भाषा येणे या दोन्ही अटी त्या अभ्यासक्रमातच आहेत. कॅटचा डोंगर आधी चढावा लागतो, हे मात्र खरे.

प्रश्न : आमचा रबाळे एमआयडीसीत सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. मी व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षात असून पुढे हाच व्यवसाय सांभाळणार आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधून चौकश्या येतात. भाषांतर आता यंत्र करून देते, मग जर्मन शिकण्यात वर्षे घालवावीत का? (विद्यार्थिनी, कोपरखैरणे)

पत्र वाचण्यापुरते यंत्र पुरेसे आहे आणि ते वापरावेच. चुका होतात त्या यंत्राने सरळ नेलेल्या तपशिलांत. जर्मन मजकुरात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरण्याची पद्धत आहे. मागणीपत्रात ‘१,२५० किलो’ असे दिसले तर तो सव्वा किलो. आपल्या नजरेला मात्र ते साडेबाराशे वाटते. कधी माल ‘केडब्ल्यू ३४’ मध्ये हवा असे लिहिलेले असते. तो मालाचा सांकेतिक क्रमांक नसून वर्षाचा ३४ वा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध असतो. जुलैअखेर माल तयार होऊन जेएनपीएच्या बंदरात कंटेनर चढला नाही, तर तो आठवडा हुकलाच. स्वित्झर्लंडमधील लिखाणात हजारासाठी टिंबाऐवजी वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) येते, तीही सवय करून घ्यावी. हे बारकावे व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात नसतात आणि भाषेच्या प्राथमिक पुस्तकातही क्वचितच सापडतात. ‘व्यावसायिक जर्मन’ नावाच्या वर्गात किंवा जुन्या पत्रव्यवहाराच्या फायलीत ते मिळतात. आपल्या कार्यालयातील अशी फाइल हेच आपले पहिले पुस्तक समजावे.

स्वित्झर्लंडचा उल्लेख आपण केला आहे. ज्या एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) गटात तो देश आहे, त्याच्याशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. आपल्या मालाच्या वर्गवारीला त्यातून काय सवलत मिळते, ते सनदी लेखापालाकडून किंवा कस्टम्स एजंटाकडून तपासून घ्यावे. हा करार हाच सत्रअखेरच्या प्रकल्पाचा विषय घेतला, तर अभ्यास आणि धंदा दोन्ही साधेल.

आपल्याला बी-२ ची घाई नाही. बोलण्यावर भर देऊन बी-१ गाठावे, आणि वडील हानोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला जाणार असतील तर त्यांच्यासोबत जावे. तिथे यंत्र खिशात ठेवून ग्राहकाशी दहा मिनिटे त्याच्या भाषेत बोलता आले, तर पुढचा पत्रव्यवहार इंग्रजीत झाला तरी चालतो. मात्र नव्या ग्राहकाला आदरार्थीच संबोधावे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठी असलेली व्यक्ती मांडते, तोवर वाट पाहावी.

प्रश्न : नेरूळला व्यवस्थापन शिकवते. वय ४६. आता फ्रेंच सुरू केली तर प्रमाणपत्राचा उपयोग होईल का, आणि ते किती वर्षे चालते? (एक प्राध्यापिका)

डेल्फला वयाची वरची मर्यादा नाही आणि ते प्रमाणपत्र कायम वैध असते. स्पॅनिशचे डेले प्रमाणपत्रही तसेच. गोएथेच्या प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, परंतु काही विद्यापीठे आणि दूतावास दोन वर्षांपेक्षा जुने प्रमाणपत्र स्वीकारत नाहीत. आपल्याला विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायचे असल्याने हा फरक त्यांना आवर्जून सांगावा. परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या की मुंबई केंद्रातील जागा लवकर भरतात. वर्ग संपण्याची वाट न पाहता नोंदणी आधी करावी, आणि मुंबईत जागा नसेल तर पुण्याच्या केंद्राचीही चौकशी करावी.