हीट, लॅप, राउंड : तिन्ही फेऱ्याच?

प्रश्न असा आहे : "मोटरसायकलच्या स्पीडवे शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाचा इतिहास मराठीत लिहिते आहे. राउंड, हीट आणि लॅप, तिन्हींना 'फेरी'च सुचतं. परिणामी 'दुसऱ्या फेरीतल्या अकराव्या फेरीत तिसऱ्या फेरीला तो पडला' असं वाक्य तयार झालं. काय करू?"

ताई, ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि मलाच गरगरलं. तुमची अडचण खरी आहे. आपण 'फेरी'ला फार राबवतो. प्रभातफेरी तीच, बसची फेरी तीच, मुलाखतीची आणि मतमोजणीचीही तीच.

आधी खेळ डोळ्यांपुढे आणू, शब्द तिथूनच सुचतील. मातीची लांबट गोल धावपट्टी, एका वेळी चौघं, तिला चार वेळा घिरटी. गाडी 500 सीसीची, मेथनॉलवर चालणारी, एकच गिअर, आणि ब्रेक हा प्रकारच नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पोलादी तळाचा बूट घातलेला डावा पाय जमिनीला टेकवायचा. हँडल उजवीकडे वळलेलं आणि गाडी मात्र डावीकडे निघालेली. मिनिटभरात खेळ आटोपतो. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. सोळा जणांच्या अंतिम स्पर्धेत अशा 20 हीट असायच्या. प्रत्येक जण पाच वेळा उतरायचा आणि तेवढ्यात बाकीच्या पंधराही जणांशी त्याची एकेकदा गाठ पडायची. सगळ्या जिंकल्या तर 15 गुण, त्याहून जास्त नाहीत.

लॅपचं काम सोपं आहे. शाळेत गृहपाठ विसरल्यावर सर काय म्हणायचे? "ग्राउंडला चार चकरा मार." झालं. लॅप म्हणजे चक्कर. कुणी 'प्रदक्षिणा' सुचवलं तर मात्र हात जोडा. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला असतो. स्पीडवेचे गडी घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे मधलं मैदान कायम डाव्या हाताला.

हीट अवघड आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर 'उष्णता 14' असं काहीतरी हाती येण्याची धास्ती. गंमत म्हणजे व्युत्पत्तीनं ते अगदीच चूक नाही. इंग्रजीत हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. घोड्याचं अंग तापवायला त्याला पळवायचे ती हीट, आणि पुढे शर्यतीतली एक दौड तीही हीट. मराठीत 'धाव' चाललं असतं, पण धाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धावफलकच येतो. क्रिकेटनं तो शब्द कायमचा नेला.

मग आपल्याकडे शर्यती लावणारी माणसं काय म्हणतात ते बघावं. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे बैलगाड्यांचं मैदान भरतं तेव्हा गाड्या गटागटानं सुटतात. गट पास झालेली गाडी सेमीला, तिथून फायनलला. लाऊडस्पीकरवरचा निवेदक सुटलेल्या प्रत्येक खेपेला 'फेरा' म्हणतो. आणि गाडी ज्या पट्टीत उभी असते तिला म्हणतात 'तास', नांगराचं तास असतं ना, तेच. स्पीडवेत सुरुवातीच्या चार जागांना गेट म्हणतात. 'पहिल्या तासाला व्हॅन प्राग' (हा शर्यतपटू पुढे येईलच) असं लिहायचा मोह मला होतो. पण पुण्या-मुंबईचा वाचक घड्याळ बघेल, तेव्हा तो मी आवरतो. 'फेरा' मात्र घ्याच. हीट म्हणजे फेरा, आणि 'फेरी' उरते ती राउंडला.

फेरा आणि फेरीत गोंधळ होईल का? थोडा होईल. त्यातून मराठीत सहसा दांडा मोठा आणि दांडी लहान, इथे मात्र फेरी मोठी आणि फेरा तिच्या पोटात. तरी मी हाच शब्द धरून बसतो, कारण हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर तुमच्या इतिहासाचं पहिलंच प्रकरण कोसळतं.

ते प्रकरण म्हणजे पहिलं जागतिक अजिंक्यपद, लंडनचं वेम्बली, 10 सप्टेंबर 1936. त्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सननं पाचच्या पाच हीट जिंकल्या, पुरे 15 गुण. आणि तो तिसरा आला! कारण खेळाडू आधीच्या राउंडमधल्या, म्हणजे पात्रता फेरीतल्या, कामगिरीचे बोनस गुण गाठीला बांधून आले होते आणि ते त्या रात्रीच्या गुणांत मिळवले गेले. बेरीज झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग आणि इंग्लंडचा एरिक लँग्टन 26-26 वर, विल्किन्सन 25 वर. आता हेच 'फेरी'नं लिहून बघा : 'सगळ्या फेऱ्या जिंकूनही आधीच्या फेरीमुळे तो तिसरा.' वाचक म्हणेल, छापताना काहीतरी गळलंय. 'पाचही फेरे जिंकले, पण आधीच्या फेरीची शिल्लक कमी पडली' असं लिहिलंत की चित्र उभं राहतं. बोनसला मी 'शिलकी गुण' म्हणेन. वहीत मागल्या पानावरची शिल्लक पुढे ओढतात, तसाच तो हिशेब होता.

इथेच 'अजिंक्यपद' या शब्दाचीही फजिती होते, ती तुमच्या लेखात यायलाच हवी. त्या रात्री खरोखर अजिंक्य राहिला तो विल्किन्सन, अजिंक्यपद मिळालं दुसऱ्याला. (विल्किन्सनला ते 1938 साली मिळालं.) युद्धानंतर 1949 साली स्पर्धा पुन्हा भरली तेव्हा शिलकीची भानगड नव्हती, त्या रात्रीचं त्या रात्री.

बरोबरी सुटण्यासाठी व्हॅन प्राग आणि लँग्टन पुन्हा एकदा उतरले. या रन-ऑफला 'निर्णायक फेरा' पुरे. सुरुवातीच्या रेषेवर आडव्या फिती ताणलेल्या असतात, त्या वर उडाल्या की गाड्या सुटतात. लँग्टननं घाईत त्या तोडल्या. नियमानं तो बादच व्हायचा, पण असं फुकटचं पद नको म्हणून व्हॅन प्राग अडून बसला. फेरा पुन्हा सुटला. लँग्टन शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता, तिथे व्हॅन प्राग बारीकशा फटीतून आत घुसला आणि चाकभरापेक्षाही कमी अंतरानं जिंकला. इथे एक सावधगिरी : 'फीत कापली' लिहू नका, पुढारी आल्यासारखं वाटतं. फीत 'तोडली'.

असाच निर्णायक फेरा 1973 साली पोलंडमध्ये होझूफला झाला. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर (तेव्हा तो चार वेळचा विजेता होता, पुढे सहा वेळचा झाला) आणि यजमानांचा येझी श्चाकियेल यांचे गुण सारखे. त्या फेऱ्यात मॉगर पडला आणि पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला.

पोलंडचा विषय निघालाच आहे तर 'स्पीडवे'चं काय करायचं तेही सांगून टाकतो. पोलिश लोक या खेळाला 'झुझेल' म्हणतात. ('झुंज'शी नातं जोडू नका, जोडावंसं वाटतं खरं.) झुझेल म्हणजे भट्टीतली मळी, जळक्या कोळशाची खर; धावपट्टीवर ती पसरायचे म्हणून खेळाचं नावच ते पडलं. 'स्पीडवे'ही मुळात जागेचंच नाव. न्यूयॉर्कला 1898 साली हार्लेम नदीकाठी दुडक्या चालीचे घोडे पळवायला रस्ता बांधला, तो स्पीडवे. इंडियानापोलिसचा मोटारींचा स्पीडवे 1909 चा. मोटरसायकलच्या या प्रकारानं 1923 साली ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलँडच्या जत्रेत बाळसं धरलं. 1928 साली तो इंग्लंडात आला तेव्हा तिथले लोक त्याला आधी डर्ट-ट्रॅकच म्हणत.

जागेचं नाव खेळाला चिकटणं आपल्याला नवं नाही. विदर्भात 'पटाला गेलो' म्हणतात, आमच्याकडे 'मैदान मारलं' म्हणतात. तेव्हा स्पीडवे स्पीडवेच राहू द्या. 'गतिमार्ग' केलंत तर वाचक टोलनाका शोधेल.

एक जागा सांभाळा. 1994 पर्यंत, 1987 चा अपवाद सोडला तर, जगज्जेता एका रात्रीत ठरायचा. ती शेवटची रात्र डेन्मार्कमधल्या वॉयन्सची, विजेता स्वीडनचा टोनी रिकार्डसन. 1995 पासून ग्राँप्रीची, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी भरणाऱ्या स्पर्धांची, मालिका आली, पहिली पोलंडच्या व्रोत्सवाफला. तिथून पुढे राउंड म्हणजे पात्रता फेरी नव्हे, तर मालिकेतली एकेक ग्राँप्री. त्या टप्प्यावर 'फेरी'चा अर्थ बदलला हे एका ओळीत सांगा, नाहीतर 1936 आणि 1995 च्या फेऱ्या वाचक एकाच मापानं मोजेल.

तर तुमचं वाक्य : 'दुसऱ्या फेरीतल्या अकराव्या फेऱ्यात, तिसऱ्या चकरेला तो पडला.' आता फक्त कोण पडला तेवढं सांगा.